घाट उतरण्यापूर्वी : प्रेशर ब्लीडरने ब्रेक ऑइल कसे बदलावे?

जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्यातील भाजीपाल्याचे मोठे आगार आहे. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या कुकडी प्रकल्पातील धरणांमुळे या भागात बागायतीचा मोठा विस्तार झाला. नारायणगावचा टोमॅटो, ओतूर परिसरातील कांदा, सातगाव पठारावरील बटाटा आणि मंचर बाजारातील पालेभाज्या यांचे नाव दूरवर पोचले आहे. माल पिकविण्यासाठी आपण बियाणे, खत, ठिबक, फवारणी या प्रत्येक गोष्टीचा हिशेब ठेवतो. मात्र तोच माल बाजारपेठेत पोचविणाऱ्या पिकअप गाडीच्या ब्रेक ऑइलचा हिशेब फारच थोडे शेतकरी ठेवतात.

आपल्याकडून माल बाहेर जाण्याच्या वाटा डोळ्यांसमोर आणा. ओतूरवरून कल्याणकडे व पुढे वाशीच्या बाजारात जाताना माळशेज घाट उतरावा लागतो. नाशिककडे निघाल्यास संगमनेरच्या अलीकडे चंदनापुरी घाट लागतो. आंबेगावच्या पश्चिम भागात डिंभे, भीमाशंकर परिसरातील रस्तेही चढउताराचे आहेत. भरलेली गाडी बहुधा संध्याकाळी किंवा रात्री निघते. पावसाळ्यात वर धुके आणि खाली ओला रस्ता असतो. अशा वेळी चालकाचा जीव आणि गाडीतील माल यांचा भरवसा ब्रेकवर असतो.

ब्रेक ऑइल वेळेवर का बदलावे, त्यासाठी प्रेशर ब्लीडर हे साधन कसे वापरावे आणि कोणती काळजी घ्यावी, याची माहिती या लेखात दिली आहे.

ब्रेक ऑइलचे काम

आपण पॅडल दाबतो तेव्हा मास्टर सिलिंडरमधील ऑइलवर दाब येतो. बंद जागेतील द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पोचतो, हा नियम पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात मांडला. त्याच नियमानुसार पॅडलचा दाब नळ्यांतून चारही चाकांच्या सिलिंडरपर्यंत जातो. तेथे लायनर ड्रमला किंवा पॅड डिस्कला घट्ट लागतात आणि गाडी थांबते.

या कामासाठी दाबले न जाणारे द्रव लागते. हवा मात्र दाबली जाते. विहिरीवरील पंपाने हवा धरली की मोटर फिरते पण पाणी वर येत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. ब्रेकच्या नळीत हवा किंवा वाफ शिरली की तसेच होते. पॅडल खाली जाते, पण दाब चाकापर्यंत पोचत नाही.

ब्रेक ऑइल पाणी कसे पिते?

आपण त्याला ऑइल म्हणत असलो तरी ते इंजिन ऑइलसारखे खनिज तेल नाही. सर्वसाधारण गाड्यांतील ब्रेक ऑइल ग्लायकॉल या वर्गातील रसायनांपासून बनविलेले असते आणि ते हवेतील ओलावा शोषून घेते. पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या युरियाच्या गोणीला पाणी सुटून गठ्ठे होतात, तोच हा गुण. डबीच्या झाकणातील बारीक छिद्रातून, रबरी नळ्यांच्या अंगातून व सीलमधून ओलावा हळूहळू आत जातो. आपल्या पश्चिम पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने हवा दमट असते, हे येथे विसरू नये.

ऑइलमध्ये पाणी मिसळल्याने दोन तोटे होतात. पहिला म्हणजे आतील धातूचे भाग गंजतात व सील खराब होतात. दुसरा अधिक गंभीर आहे. ऑइलचा उत्कलनबिंदू, म्हणजे ते उकळण्याचे तापमान, खाली येते. ब्रेक ऑइलच्या प्रतीनुसार आंतरराष्ट्रीय मानकात ठरवून दिलेली किमान तापमाने पुढीलप्रमाणे आहेत.

डॉट ३ : नवीन असताना २०५ अंश सें., पाणी शोषल्यावर १४० अंश सें.
डॉट ४ : नवीन असताना २३० अंश सें., पाणी शोषल्यावर १५५ अंश सें.
डॉट ५.१ : नवीन असताना २६० अंश सें., पाणी शोषल्यावर १८० अंश सें.

येथे 'पाणी शोषल्यावर' म्हणजे सुमारे ३.७ टक्के पाणी असताना. शंभर भागांत चार भागसुद्धा नाहीत, एवढ्या पाण्याने डॉट ३ ऑइलची ६५ अंशांची ताकद जाते. ही घट डोळ्यांना दिसत नाही. डबीतील पातळी कमाल खुणेपर्यंत असते, गाडी सपाटीवर नीट थांबते आणि चालकाला सर्व ठीक वाटते. पातळी पाहून ऑइल किती आहे हे कळते, ते किती जुने आहे हे कळत नाही. रंगावरही पूर्ण विसंबू नये. काळे पडलेले ऑइल बदलावेच, पण स्वच्छ दिसणाऱ्या ऑइलमध्येही पाणी असू शकते.

घाटात काय घडते?

गाडी व माल मिळून ३,००० किलो वजन धरू आणि ती ५०० मीटर उंची उतरली असे समजू. या उतारात सुमारे १४७ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. ३० अंश तापमानाचे ५० लिटर पाणी उकळीला आणण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढी ही ऊर्जा आहे. त्यातील काही भाग टायरचे घर्षण, हवेचा अडथळा व गिअरमध्ये असलेले इंजिन घेते. उरलेली सर्व उष्णता ब्रेकमध्ये तयार होते. चालक सतत पॅडलवर पाय ठेवून उतरत असेल तर ब्रेकला थंड होण्यास सवड मिळत नाही.

ही उष्णता चाकाच्या सिलिंडरमधील ऑइलपर्यंत पोचते. पाणी प्यालेले ऑइल उकळते व त्याची वाफ होते. पुढच्या वळणावर पॅडल एकदम खाली जाते. गाडी कशीबशी थांबविली आणि अर्धा तास उभी ठेवली, तर वाफेचे पुन्हा द्रव होते आणि पॅडल पूर्वीसारखे कडक लागते. ब्रेक बरा झाला असे समजून चालक पुढे निघतो. प्रत्यक्षात दोष तसाच असतो आणि पुढच्या उतारावर पुन्हा उभा राहतो. म्हणून घाटात एकदा पॅडल खाली गेले असेल, तर थंड झाल्यावर ब्रेक लागला तरी तपासणी करून ऑइल बदलल्याशिवाय भरलेली गाडी घाटात घालू नये.

किती दिवसांनी बदलावे?

गाडीच्या पुस्तिकेत दिलेली मुदत पाळावी. बऱ्याच गाड्यांसाठी ती दोन वर्षांच्या आसपास असते. ज्या पिकअप नियमितपणे भरलेल्या अवस्थेत घाट उतरतात, त्यांचे ऑइल दरवर्षी बदलणे हिताचे आहे. हे काम पावसाळ्यापूर्वी, कोरड्या हवेच्या दिवशी करावे. टोमॅटोची मोठी तोडणी सुरू झाल्यावर गाडीला एक दिवसाची उसंत मिळत नाही, हे लक्षात घेऊन आधीच दिवस ठरवावा.

डबीच्या झाकणावर जी प्रत छापलेली असते तीच घ्यावी. डॉट ५ हे सिलिकॉनचे ऑइल आहे. नाव सारखे दिसले तरी ते डॉट ३, डॉट ४ किंवा डॉट ५.१ मध्ये मिसळू नये. बाटली सीलबंद असावी. मागच्या वर्षी उघडलेली अर्धी बाटली स्वस्त पडते म्हणून वापरू नये, कारण तिने ओलावा घेतलेला असतो.

प्रेशर ब्लीडर म्हणजे काय?

ब्रेकची हवा काढण्याची जुनी पद्धत सर्वांना माहीत आहे. एक जण आत बसून पॅडल मारतो व दुसरा चाकाजवळ निपल उघडतो आणि बंद करतो. ही पद्धत चुकीची नाही, पण तिच्यात तीन अडचणी आहेत. दोन माणसे लागतात. दोघांचा मेळ चुकला तर हवा परत आत ओढली जाते. शिवाय जुन्या गाडीत पॅडल तळापर्यंत दाबल्यास मास्टर सिलिंडरचे सील नेहमी जात नाही अशा गंजलेल्या भागावर घासते व फाटू शकते.

प्रेशर ब्लीडर ही हातपंप असलेली एक छोटी टाकी असते. तिच्यावर दाब दाखविणारा काटा असतो. टाकीतून निघालेली नळी एका खास झाकणाला जोडलेली असते आणि हे झाकण गाडीच्या ब्रेक ऑइलच्या डबीवर बसते. टाकीत नवीन ऑइल भरून दाब दिला की ते डबीत व तेथून नळ्यांत जाते. मग एकेका चाकाचे निपल उघडायचे, जुने ऑइल बाहेर जाऊ द्यायचे आणि नवीन आले की निपल बंद करायचे. पॅडल मारावे लागत नाही. पॅडल सुटे असताना मास्टर सिलिंडरमधील बारीक छिद्र उघडे असते व डबीतील ऑइल त्यातून पुढे वाहू शकते. म्हणून दाब चालू असताना पॅडलला कोणीही पाय लावू नये.

ठिबक संचाची सफाई करताना आपण मुख्य नळीत दाब ठेवतो व उपनळ्यांची टोके क्रमाने उघडून गढूळ पाणी जाऊ देतो. ब्रेकच्या नळ्यांची ही सफाई तशीच आहे. फरक एवढाच की येथे हवेचा एक बुडबुडाही आत राहून चालत नाही.

दाब किती असावा?

हा या कामातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. ०.७ ते १ किलो प्रति चौ. सें.मी., म्हणजे काट्यावर १० ते १५ पौंड, एवढा दाब पुरतो. ब्लीडरच्या किंवा गाडीच्या पुस्तिकेत यापेक्षा कमी दाब सांगितला असेल तर तोच पाळावा.

जोरात ब्रेक मारल्यावर नळीत याच्या कितीतरी पट दाब येतो, मग येथे एवढा कमी का, अशी शंका येईल. तो मोठा दाब मास्टर सिलिंडरच्या पुढे, लोखंडी नळ्यांत असतो. डबी प्लॅस्टिकची असते व तिच्यावर एरवी दाब येतच नाही. झाकणाचा व्यास ५ सें.मी. धरला तर १ किलो दाबाला त्या झाकणाला वर उचलणारे बल सुमारे २० किलो होते. हौसेने दाब दुप्पट केला तर ते ४० किलो होईल. मग झाकण उडते किंवा डबी तडकते आणि ऑइल तोंडावर व इंजिनवर उडते.

फवारणीचा पंप चालेल का?

ब्लीडर दिसायला हाताने हवा भरण्याच्या फवारणी पंपासारखाच असतो, त्यामुळे हा प्रश्न साहजिक आहे. वापरलेला फवारणी पंप या कामासाठी कधीही घेऊ नये. त्याची कारणे अशी आहेत.

१) कितीही धुतले तरी पंपात कीडनाशकाचा व त्यातील तेलकट द्रावकाचा अंश राहतो. असा अंश ब्रेकमध्ये गेल्यास सील फुगतात व निकामी होतात.
२) धुतलेल्या पंपात पाणी राहते, आणि पाणी काढण्यासाठीच तर आपण हे काम करीत आहोत.
३) हाताला बसलेल्या सवयीने आपण पंप कडक होईपर्यंत हवा भरतो. फवारणीचा तो दाब ब्रेकच्या डबीला सोसणारा नाही.
४) फवारणी पंपाची रबरे ब्रेक ऑइलमध्ये टिकतीलच असे नाही.

नवीन पंपाला काटा व योग्य झाकण बसवून घरी ब्लीडर तयार करणारे हौशी लोक परदेशात बरेच आहेत. तरीसुद्धा काटा, जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह व ब्रेक ऑइलला टिकणारी रबरे असलेले तयार साधन घेणे शेतकऱ्यांच्या दृष्टीने सुरक्षित आहे. आणि एकदा ब्रेकसाठी घेतलेली टाकी पुन्हा फवारणीसाठी वापरू नये.

लागणारे साहित्य

१) गाडीच्या डबीला बसणाऱ्या झाकणासह प्रेशर ब्लीडर.
२) योग्य प्रतीचे सीलबंद ब्रेक ऑइल. छोट्या पिकअपसाठी एक लिटर व राखीव अर्धा लिटर जवळ ठेवावे.
३) निपलच्या मापाचा रिंग पाना. उघड्या तोंडाच्या पान्याने निपलचे कोपरे गोल होतात.
४) निपलवर घट्ट बसणारी पारदर्शक नळी व पारदर्शक बाटली.
५) डबीतील जुने ऑइल ओढण्यासाठी मोठी, नवीन सिरिंज.
६) धागे न सुटणारे स्वच्छ कापड, हातमोजे, चष्मा व बादलीभर पाणी.
७) जॅक, मजबूत घोड्या व चाकांना लावण्यासाठी लाकडी ठोकळे.

ब्रेकचे भाग पुसण्यासाठी रॉकेल, डिझेल किंवा पेट्रोल वापरू नये. खनिज तेलाचा थेंबही ब्रेकच्या रबराला घातक असतो. त्याच कारणाने पातळी कमी दिसली म्हणून इंजिन ऑइल किंवा हायड्रॉलिक ऑइल ओतण्याची चूक कधीही करू नये.

प्रत्यक्ष कृती

१) गाडी रिकामी करून सपाट, कडक जमिनीवर उभी करावी. इंजिन बंद व गार असावे. चाकांना ठोकळे लावावेत. निपलपर्यंत पाना पोचत असेल तर गाडी उचलू नये. उचलावी लागल्यास घोड्या लावल्याशिवाय, केवळ जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये. काही पिकअपमध्ये मागच्या एक्सलजवळ वजनानुसार दाब ठरविणारा व्हॉल्व्ह असतो. म्हणून मागे घोड्या एक्सलखाली लावाव्यात, चाके लोंबकळत ठेवू नयेत.

२) निपल गंजलेली असतील तर आदल्या दिवशी बाहेरून माती काढून, गंज सोडविणारे तेल लावून ठेवावे. ते लायनर, ड्रम वा डिस्कवर जाऊ देऊ नये. काम सुरू करण्यापूर्वी चारही निपल सुटतात की नाही हे हलकेच पाहावे व पुन्हा बंद करावीत. एखादे सुटत नसेल तर जोर लावून मोडू नये, मेकॅनिकला दाखवावे.

३) डबीच्या भोवतालची धूळ पुसून मगच झाकण उघडावे. सिरिंजने जुने ऑइल काढावे, पण डबी पूर्ण कोरडी करू नये. तळाचे छिद्र उघडे पडल्यास हवा आत जाते. नंतर नवीन ऑइल कमाल खुणेपर्यंत भरावे.

४) ब्लीडरचे झाकण डबीवर बसवावे. टाकीत ऑइल भरण्याआधी नुसत्या हवेचा दाब देऊन पाहावा. ०.७ किलोपर्यंत दाब देऊन पाच मिनिटे थांबावे. काटा खाली आला तर झाकण नीट बसलेले नाही. ही तपासणी टाळू नये. हवा गळाली तर काही बिघडत नाही, पण ऑइल गळाले तर गाडीचा रंग निघतो.

५) दाब सोडून टाकीत नवीन ऑइल ओतावे, टाकी बंद करावी व पुन्हा ठरलेला दाब द्यावा. टाकीच्या नळीतील हवा निघून ऑइल डबीत येईपर्यंत लक्ष ठेवावे.

६) मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करावी. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे सर्वसाधारण क्रम मागील डावे, मागील उजवे, पुढील डावे व शेवटी पुढील उजवे असा येतो. पुस्तिकेत वेगळा क्रम दिला असेल तर तो पाळावा. एक्सलजवळील व्हॉल्व्हला स्वतंत्र निपल असल्यास त्याचीही हवा पुस्तिकेप्रमाणे काढावी.

७) निपलचे रबरी टोपण काढून निपल पुसावे. आधी रिंग पाना व मग पारदर्शक नळी बसवावी. नळीचे दुसरे टोक बाटलीत थोडे ब्रेक ऑइल घेऊन त्यात बुडवावे. निपल पाव ते अर्धा आटा सोडावे. आधी काळपट ऑइल, मध्ये बुडबुडे व नंतर स्वच्छ ऑइल येईल. स्वच्छ ऑइलची धार बुडबुड्यांशिवाय काही वेळ वाहू द्यावी व निपल बंद करावे. निपल बारीक असते, ते आवळताना ताकद दाखवू नये. टोपण परत बसवावे.

८) प्रत्येक चाक झाल्यावर टाकीतील ऑइल व काट्यावरील दाब पाहावा. टाकी रिकामी झाली तर हवा थेट नळ्यांत जाते आणि केलेले सर्व काम पुन्हा करावे लागते. दाब कमी झाला असल्यास थोडी हवा भरावी.

९) चारही चाके झाल्यावर प्रथम टाकीचा दाब हळूहळू पूर्ण सोडावा. काटा शून्यावर आल्यानंतरच डबीवरील झाकण काढावे. डबीभोवती कापड धरावे. जादा ऑइल सिरिंजने काढून पातळी कमाल खुणेवर आणावी व गाडीचे मूळ झाकण लावावे.

काम संपल्यावर तपासणी

इंजिन बंद ठेवून पॅडल काही वेळा दाबावे. ते वर व कडक लागले पाहिजे. मग पॅडल दाबून धरावे व इंजिन सुरू करावे. बूस्टर असलेल्या गाडीत पॅडल थोडे खाली जाऊन स्थिर होते, हे योग्य लक्षण आहे. ते हळूहळू तळाकडे जात राहिले तर कोठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर खराब आहे. पॅडल स्पंजासारखे मऊ लागले तर हवा राहिली आहे, सर्व चाके पुन्हा करावीत. अर्धा मिनिट जोरात पॅडल दाबून ठेवावे व दुसऱ्याने चारही निपलजवळ ओल आहे का ते पाहावे.

त्यानंतर रिकामी गाडी मोकळ्या सपाट जागेवर अगदी कमी वेगाने चालवून ब्रेक पाहावा. पॅडलबाबत जराही शंका असल्यास गाडी रस्त्यावर काढू नये. नवीन ऑइलने झिजलेले लायनर, फुगलेल्या रबरी नळ्या किंवा गळके सिलिंडर दुरुस्त होत नाहीत. ते भाग याच वेळी पाहून घ्यावेत व गरज असल्यास बदलावेत. डबीवर बदलल्याची तारीख लिहिलेली चिकटपट्टी लावावी.

ही पद्धत कोठे लागू नाही?

मोठ्या ट्रकमध्ये बहुधा हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक असतात. त्यांना ही माहिती लागू पडत नाही. ट्रॅक्टरच्या ब्रेकची रचना वेगळी असते. अनेक ट्रॅक्टरमध्ये ब्रेक गिअरबॉक्सकडील तेलात बुडालेले असतात व काही यंत्रांत खनिज तेलच भरायचे असते. त्यात ग्लायकॉलचे ब्रेक ऑइल घातल्यास नुकसान होते. म्हणून ट्रॅक्टरची पुस्तिका पाहिल्याशिवाय काहीही ओतू नये. एबीएस असलेल्या गाडीत नुसते ऑइल बदलताना ही पद्धत साधारणपणे चालते. मात्र एबीएसच्या भागात हवा गेली असेल तर काही गाड्यांना संगणकीय उपकरण जोडूनच ती काढावी लागते. असे काम कार्यशाळेकडेच द्यावे.

जुन्या ऑइलची विल्हेवाट

ब्रेक ऑइल विषारी आहे. ते विहिरीजवळ, पाटात, चारीत किंवा बांधावर ओतू नये. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवू नये. मुलांनी व जनावरांनी ते पिण्याचा धोका असतो. जुन्या इंजिन ऑइलमध्ये न मिसळता, वेगळ्या डब्यात नाव लिहून ठेवावे व वापरलेले तेल गोळा करणाऱ्या कार्यशाळेत द्यावे. डोळ्यात गेल्यास १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने धुऊन डॉक्टरांना दाखवावे. गाडीच्या रंगावर सांडल्यास न घासता लगेच भरपूर पाणी ओतावे. ब्लीडरमध्ये उरलेले ऑइल पुढच्या वर्षासाठी साठवू नये. टाकी पुसून, कोरडी करून झाकून ठेवावी.

घाटात गाडी चालविताना

नवीन ऑइल भरले म्हणून घाटात बेफिकीर राहून चालत नाही. घाट सुरू होण्यापूर्वीच गाडी खालच्या गिअरमध्ये घ्यावी. ज्या गिअरमध्ये तो चढ चढावा लागेल, त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुन्या चालकांचा दंडक आजही योग्य आहे. पॅडलवर सतत पाय ठेवण्याऐवजी वेग वाढला की ठामपणे ब्रेक लावून वेग कमी करावा व पाय काढावा. डिझेल वाचविण्यासाठी इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये घाट उतरू नये. तसे केल्यास इंजिनचा अटकाव जातो, आणि इंजिन बंद असेल तर बूस्टरची मदतही संपते. गाडीच्या क्षमतेपेक्षा जास्त क्रेट भरू नयेत. पॅडल खाली जाऊ लागल्यास ते भराभर मारावे, गिअर आणखी खाली घ्यावा, हँडब्रेक हळूहळू ओढावा आणि डोंगराच्या बाजूला सुरक्षित जागी थांबावे.

गटाने घेतल्यास सोपे

वर्षातून एकदा लागणारे हे साधन प्रत्येकाने घ्यावे असे नाही. गावातील शेतकरी गट, शेतकरी उत्पादक कंपनी किंवा माल एकत्र पाठविणारे पाच-दहा गाडीमालक मिळून एक ब्लीडर व वेगवेगळ्या गाड्यांची झाकणे घेऊ शकतात. गटातील दोन तरुणांनी अनुभवी मेकॅनिकच्या देखरेखीखाली पहिल्या दोन-तीन गाड्या करून हात बसवून घ्यावा. कोणत्या गाडीचे ऑइल कधी बदलले याची नोंदवही ठेवावी. ज्यांना स्वतः हे काम करायचे नाही, त्यांनीही मेकॅनिककडून सीलबंद बाटली समोर उघडून घ्यावी आणि चारही चाकांतून स्वच्छ ऑइल येताना पाहावे. डबीतील ऑइल वरच्यावर काढून नवीन भरणे म्हणजे ऑइल बदलणे नव्हे. चाकाजवळचे जुने ऑइल त्यामुळे तसेच राहते, आणि उष्णता तर चाकाजवळच असते.

महत्त्वाचे मुद्दे

१) पातळी बरोबर असली तरी ब्रेक ऑइल जुने व ओलसर असू शकते.
२) घाटात भार वाहणाऱ्या गाडीचे ऑइल दरवर्षी पावसाळ्यापूर्वी बदलावे.
३) ब्लीडरचा दाब १ किलो प्रति चौ. सें.मी. (१५ पौंड) पेक्षा जास्त देऊ नये.
४) वापरलेला फवारणी पंप ब्रेकसाठी वापरू नये.
५) डबी व टाकी काम चालू असताना रिकामी होऊ देऊ नये.
६) दाब शून्यावर आणल्याशिवाय झाकण उघडू नये.
७) पॅडल कडक लागल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये.

लिटरभर ऑइल आणि अर्ध्या दिवसाचे हे काम आहे. शेतकरी बंधू-भगिनींनो, या हंगामात पहिली तोडणी गाडीत भरण्यापूर्वी आपल्या गाडीचे ब्रेक ऑइल शेवटचे केव्हा बदलले ते आठवून पाहा. तारीख आठवत नसेल, तर ते आताच बदलून घ्यावे.